दुसऱ्या ओळीपासून

बेबीताईला गाणं शिकवलं ते तिच्या सासऱ्यानं. तिच्या माहेरी, कामरगावला, ही गोष्ट पुष्कळ दिवस कुणाच्या गळी उतरली नव्हती. सुनेनं सासऱ्यासमोर खालमानेनं वावरावं अशी तिकडची रीत, आणि इथं पुंजाजी सुनेला समोर बसवून मांडीवर ठेका धरायचे आणि म्हणायचे, "तोंड उघड, बाई. दातावर दात ठेवून गानं होत नसते." पहिल्यांदा त्यांनी तिला स्टेजवर नेलं तेव्हा तिचा बाप भांडायला आला होता. पुंजाजींनी त्याला चहा पाजला, शेजारी बसवला आणि सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हटलं, "इवाई, गळा तिचा हाय. तुमचाई नाई अन् माहाई नाई." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

पुंजाजी मूळचे रिठदचे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर हा माणूस हातात खंजिरी घेऊन गावोगाव पायी हिंडला होता. गाणी स्वतःच जोडायचे आणि स्वतःच म्हणायचे. तेव्हा लाऊडस्पीकर कुठला. माणसं जमिनीवर बसत, पुंजाजी उभे राहून गात, आणि वस्तीतलं गाणं गावाच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर बसलेल्यांनाही ऐकू जाई. रिठदच्या बौद्ध वस्तीनं स्वतःची विहीर खणली, त्यावर त्यांनी गाणं केलं होतं:

खणली इहीर आमी आमच्याच हातानं,
पानी लागलं गोड, भीमाच्या नावानं.

हे गाणं लग्नात, बारशात, जयंतीत, सगळीकडे म्हटलं जायचं. ते कुणी केलं हे पुढे पुढे पुष्कळांना ठाऊकही नव्हतं.

बायको गेल्यावर पुंजाजी मुलाकडे, जऊळक्याला राहायला आले. मुलगा जानराव तिथल्या रेल्वे स्टेशनात पॉइंट्समन होता. म्हातारपणी पुंजाजींचे दात पडले, एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं आणि आवाजही फुटला. तरी रोज सकाळी अंगणात तोंड धुता धुता त्यांचं गाणं सुरू व्हायचं, आणि संध्याकाळी विहारातली वंदना तेच म्हणायचे. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. बेबीताई त्याच फुटक्या आवाजावर भाकरी थापायची आणि मधेच स्वतःचा आवाज त्यात मिळवायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रिठदच्या तरुण मंडळाचा ग्यानबा जऊळक्याला आला. मंडळानं ठरवलं होतं की बुद्धपौर्णिमेला गावात पुंजाजींचा गौरव करायचा.

"गाने सारे बाबाचे," ग्यानबा म्हणाला, "अन् म्हनतीन बेबीताई. बाबा खुर्चीवर बसतीन, हार घेतीन. नागपूरचे पाहुणेई येऊन राह्यले. दसऱ्याच्या कार्यक्रमाले गायक तेच निवडते."

पुंजाजी सुनेकडे पाहून हसले. "घ्या. आता खुर्चीवर बसून आयकाची पाळी आली."

बेबीताईच्या मनात मात्र नागपूर घर करून बसलं. दसऱ्याला नागपूरला लाखो लोक येतात. तिथल्या स्टेजवर एकदा उभं राहायला मिळालं की मग वाशिम-कारंज्याच्या पलीकडे नाव जाईल. घरात तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ती रोज गरम पाण्याच्या गुळण्या करू लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन कलताच माणसं जमायला लागली. आसपासच्या गावांहून बैलगाड्या आल्या होत्या. शाळेच्या पटांगणात बाकं जोडून स्टेज केलं होतं. रिसोडचा गोविंदसिंग बॅटरीवरचं लाऊडस्पीकरचं मशीन घेऊन आला होता. त्यानं दोन भोंगे लांब लांब झाडांवर बांधले आणि मशीन घेऊन स्टेजच्या बाजूला, बेबीताईला दिसेल असा बसला. माइक दोन: एक गाणाऱ्यासाठी, एक पेटीपाशी. पुंजाजींनी नवं धोतर नेसलं होतं. हारामुळे त्यांची हनुवटी झाकून गेली होती. शेजारच्या खुर्चीवर नागपूरचे पाहुणे बसले.

पहिली तीन गाणी फारच चांगली झाली. बेबीताईला आपला आवाज त्या लांबच्या भोंग्यांतून परत येताना ऐकू येत होता, आणि त्या दिवशी तो तिचा तिलाच आवडला. पाहुणे मांडीवर बोटं वाजवत होते.

चौथं गाणं विहिरीचं. पेटीवाल्यानं सूर दिला आणि पुंजाजी खुर्चीतून उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला, पिशवीतून खंजिरी काढली आणि माइकपाशी आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेबीताई बाजूला सरकली. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. गाणं त्यांचं, गौरव त्यांचा. ती पेटीजवळच्या माइकपाशी जाऊन बसली.

पुंजाजींनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली.

घरात अंगणात ऐकलेला तोच आवाज भोंग्यातून बाहेर पडला तेव्हा बेबीताईच्या अंगावर काटा आला. तो चिरका होता, सुराला सोडून होता, आणि दात नसल्यामुळे अक्षराअक्षराला शिट्टी वाजत होती. मागच्या बाजूला बसलेली पोरं फिसकन हसली. पाहुणे शेजारच्या माणसाकडे वाकून काहीतरी बोलले. बेबीताईचे कान तापले. हे आपल्या घरचं माणूस आहे, आणि हे सगळे लोक आपल्याकडे पाहताहेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं गोविंदसिंगाकडे पाहिलं. गोविंदसिंग तिच्याचकडे पाहत होता. तिनं मांडीवरचा हात थोडासा उचलला आणि तळवा खाली करून हलकेच दाबला.

गोविंदसिंगानं बटण फिरवलं.

दुसऱ्या ओळीपासून पुंजाजींचा माइक बंद होता. बेबीताईनं तीच ओळ आपल्या माइकवर उचलली आणि पुढचं सगळं गाणं ती गायली. पुंजाजी तिच्या पुढ्यात उभे राहून, डोळे मिटून, मान हलवत, जीव तोडून गात होते. त्यांची उजवी बाजू पेटीकडे होती आणि तोच कान अधू होता. भोंग्यातून आपल्याच गाण्याचे शब्द येताहेत एवढं त्यांना कळत होतं. आयुष्यभर त्यांनी मशीनशिवाय गायलं होतं. माइक बंद झाला की कसं ऐकू येतं, हे त्यांना कुठून समजणार. गाणं संपलं तेव्हा पटांगणात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पुंजाजींनी डोळे उघडले, हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर पाहुणे बेबीताईपाशी आले. "छान गाता तुम्ही," ते म्हणाले. "आणि मधे बुवांचं तेवढं सांभाळून घेतलंत, ते बरं केलं. नाहीतर रंग गेला असता."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. बेबीताईला मान वर करता येईना. गोविंदसिंग तारा गुंडाळत होता. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, तुमी इशारा केला म्हनून म्या बटन फिरवलं. बाबाले माझं नाव सांगू नका. माझ्या बापानं आयकेल हाय त्यायचं गानं."

जेवायची सोय ग्यानबाच्या घरी होती. पुंजाजी त्या दिवशी एखाद्या पोरासारखे खूश होते. पंगतीत त्यांनी तिला हाक मारून विचारलं, "बेबी, आवाज कसा गेला वं माहा?"

सगळे जेवत होते. जानराव हातातला घास तसाच ठेवून बायकोकडे पाहत होता. कार्यक्रमात तो मागं पोरांजवळ बसला होता, त्याला बापाचा आवाज मधेच गेल्यासारखा वाटला होता. पण मशीन बिघडलं असेल असं तो धरून चालला होता.

"लय दूर गेला, मामाजी," बेबीताई म्हणाली.

"मले वाटलंच," पुंजाजी म्हणाले आणि त्यांनी आणखी भाजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं एसटीची वाट पाहत उभे होते. शालिग्राम तिथं आला. हा रिठदचा शेतकरी, पुंजाजींच्या बरोबरीचा. जुन्या काळी तो मराठ्यांच्या आळीतून येऊन वस्तीच्या कडेला उभा राहून गाणं ऐकायचा आणि त्यापायी भाऊबंदांच्या शिव्या खायचा. दोघांची दोस्ती तेव्हापासूनची.

"काय शालिग्राम, होता काय काल?" पुंजाजींनी विचारलं.

"होतो ना. अखीन कुठी जाईन."

"मंग? आयकू आलं काय माहं गानं?"

शालिग्राम साधा माणूस. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "खरं सांगू काय, पुंजाजी? पयली ओळ आली. मंग तुहा आवाज आलाच नाई. बेबीचा आला, लय चांगला आला. तुहे ओठ हालतानी दिसत होते."

"आलाच नाई?"

"नाई बाप्पा. म्या मानसं सारून पुढंई येऊन पाह्यलं. वय झालं आता आपलं."

बेबीताई दोन हात अंतरावर उभी होती. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. मशीन बंद होतं, एवढाच. तो शब्द तिच्या तोंडात आला होता, आणि मग तो कुणी बंद केलं इथवर जाईल म्हणून तिनं तो गिळला. तेवढ्यात एसटी आली आणि माणसं दाराकडे धावली.

एसटीनं ते वाशिमला आले. स्टेशनात गाडीची वाट पाहताना त्यांनी हळूच म्हटलं, "आवाज गेला का मानसाले समजत नाई, बाई. आतून तो तसाच येते. म्या काल लय जोर लावला होता. मले वाटलं, झाडाइवरचे पाखरं उडून राह्यले."

जऊळक्याला आल्यावर त्यांनी खंजिरी सुनेच्या हातात दिली. "हे आता तुह्यापाशी राहू दे."

तिनं ती फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुंजाजी अंगणात तोंड धुवायला बसले आणि मुकाट्यानं धुऊन आत आले. संध्याकाळी विहारात ते मागं भिंतीला टेकून बसले आणि वंदना दुसऱ्यानं म्हटली. ज्याला त्याला ते सांगत, "आता नाई जमत. रिठदले कोनाले आयकूच आलं नाई." सांगताना कुरकुर नसे. केस पिकले म्हणून सांगावं तसं ते सांगत, आणि ते कानावर पडलं की बेबीताई उठून आत जाई.

अर्धा पावसाळा असाच गेला. जानराव एकदा म्हणाला, "बाबा काहून गप्प झाले वं? घर कसं सुनं सुनं वाटून राह्यलं."

"वय झालं त्यायचं," ती म्हणाली, आणि शालिग्रामचाच शब्द आपण वापरला हे लक्षात येऊन चुलीकडे तोंड फिरवून बसली.

सांगावं असं तिला रोज वाटे. आज सांगू म्हणून ती त्यांच्यापुढे चहा घेऊन जाई आणि कप ठेवून परत येई. आपण त्यांना हसू होण्यापासून वाचवलं, असं ती स्वतःला समजावून पाही. पण हसणारी पोरं चारदोनच होती, आणि हात दाबला तेव्हा आपण पोरांकडे पाहत नव्हतो, पाहुण्यांकडे पाहत होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती जिथं जाई तिथं कार्यक्रमाला विहिरीच्या गाण्याची फर्माईश होई. ती गाई. लोक डोलत. घरी आल्यावर पुंजाजी विचारत, "जमलं काय?" आणि ती नुसती मान हलवी.

भादव्यात ग्यानबा पुन्हा आला. नागपूरच्या पाहुण्यांनी दसऱ्यासाठी बेबीताईचं नाव घेतलं होतं. जानरावानं दुकानातून पेढे आणले. पुंजाजींनी पेढ्याचा तुकडा तोंडात घोळवत म्हटलं, "तिथी इहिरीचं गानं म्हनजो. आता ते तुहंच. म्या नाई म्हनत, पन गानं तं राह्यलं पाह्यजे."

ग्यानबा गेला, जानराव ड्यूटीवर गेला. पुंजाजी अंगणात मुगाच्या शेंगा फोडत बसले. बेबीताई त्यांच्यासमोर येऊन बसली, शेंगा हातात घेतल्या आणि खाली पाहूनच बोलली.

"मामाजी, तुमचा आवाज गेला नाई."

"कोन म्हनते?"

"माइक बंद होता. पयल्या ओळीनंतर. म्या गोविंदसिंगाले इशारा केला, त्यानं बंद केला."

पुंजाजींची बोटं थांबली. "काहून?"

"पोट्टे हासले. पाहुणे बसले होते."

"पोट्टे तं हासतेच. अखीन काहून?"

तिनं हातातली शेंग फोडली.

"तुले लाज वाटली काय माही?"

"हो," ती म्हणाली. इतका लहान शब्द काढायला तिला किती वेळ लागला ते तिचं तिलाच ठाऊक.

पुंजाजींनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "पयली ओळ कशी गेली होती?"

तिला वाटलं, आता तरी काही गोड बोलावं. पण ते धाडस होईना. "बेसूर गेली होती. फाटेल आवाज होता."

"हं," ते म्हणाले. "म्हनजे आयकू आली होती." थोड्या वेळानं ते म्हणाले, "शालिग्राम बोलला तवा तू तिथीच होती."

"होती."

"अन् चार महिने म्या लोकाइले सांगत फिरलो, तेई तू आयकलं."

"आयकलं."

"मले वाटलं होतं आवाज गेला. तो गेला असता तं कोनावर राग नव्हता, बाई. वयानं जाते. हे लय वाईट केलं तू."

तिनं त्यांच्या पायांना हात लावायला हात पुढे केला. त्यांनी पाय मागं घेतले. आजवर त्यांनी तिला असं कधी केलं नव्हतं.

"रडू नको," ते म्हणाले. "अन् एक आयक. इहिरीचं गानं आता तू म्हनू नको. बाकीचे म्हन. ते नको."

ते उठून स्टेशनाकडे निघून गेले. दिवेलागणीला जानराव त्यांना घेऊन आला तेव्हा ते जेवले, आणि मुलाला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. शेवटी तिनंच जानरावला सांगितलं. जानराव ऐकून घेऊन उठला आणि बाहेर खाटेवर जाऊन पडला. दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

पुढच्या आठवड्यात पुंजाजींनी फळीवरची खंजिरी स्वतःच काढून घेतली आणि विहारात गेले. बेबीताई मागून गेली आणि बाहेर, भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. त्यांनी वंदना म्हटली आणि मग विहिरीचं गाणं. आवाज होता तसाच होता. दोन पोरं हसली. पुंजाजीही हसले आणि म्हणाले, "हासा. पन दुसरी ओळ माह्यासंगं म्हना." पोरांनी म्हटली. कुणाचं काही बिघडलं नाही. बाहेर उभ्या असलेल्या बेबीताईला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. रिठदलाही एवढंच झालं असतं.

दसऱ्याला ती नागपूरला गेली. निघताना तिनं विचारलं, "येता काय, मामाजी?"

"नाई. जा तू. चांगलं म्हन," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि पूर्वीची मायाही नव्हती.

स्टेजसमोर जिथवर नजर जाईल तिथवर माणसं होती. तिनं दोन गाणी म्हटली. आवाज लागला होता. तिसऱ्याच्या आधी गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "इहिरीचं म्हना, ताई." दुसरीकडूनही तेच आलं. वऱ्हाडातली माणसं बरीच आली होती. नागपूरचे पाहुणे तिच्याजवळ वाकून म्हणाले, "म्हणा की. लोक मागताहेत."

बेबीताई माइकपाशी उभी राहिली. काय सांगावं ते तिला सुचेना. शेवटी ती म्हणाली, "ते गाणं माझे सासरे, रिठदचे पुंजाजी, यांचं आहे. ते मला म्हणता येत नाही."

मग पाहुण्यांनी दुसरा माइक ओढून घेतला. "पाहा, गुरूबद्दलचा आदर याला म्हणतात. गुरू असताना त्यांच्या गाण्याला ही बाई हात लावत नाही." आणि टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या ओळींतून मागच्या ओळींत गेल्या आणि वाढतच राहिल्या.

तसं नाही, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण त्या टाळ्यांत तिचं कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं मान खाली घातली. लोकांना तोही विनयच वाटला. टाळ्या आणखी वाढल्या, आणि बेबीताई त्या संपायची वाट पाहत तशीच उभी राहिली.